जुन्या इंग्रजीतलं ‘हॅलो’ आणि ‘बाय’: एकांकिकेसाठी अभिवादनं निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी इंग्रजी एकांकिका लिहिताय. पहिला प्रवेश शेक्सपियरच्या काळातल्या लंडनमध्ये, दुसरा आजच्या पुण्यातल्या ऑफिसात. हॅलो, गुड आफ्टरनून, बाय, बेस्ट ऑफ लक यांना ‘ओल्ड इंग्लिश’मध्ये काय म्हणतात याची यादी हवी आहे. शिवाय जागोजागी दाऊ, दी (जुनं ‘तू’, ‘तुला’) पेरलं आणि क्रियापदांना ‘-एथ’ लावलं की भाषा जुनी वाटेल का, असंही विचारलंय.

यादी खाली येईलच, पण नुसती चिकटवलीत तर फसेल. शब्दाला शब्द शोधत बसण्यात खरी अडचण आहे. इंग्रजीतली बहुतेक जुनी अभिवादनं मुळात अख्खी आशीर्वादाची वाक्यं होती, ती वापरून वापरून झिजली. ‘गुड मॉरो’च्या मागे ‘गॉड गिव्ह यू गुड मॉरो’ असं पूर्ण वाक्य होतं: देव तुम्हाला चांगली सकाळ देवो. त्यातला देव गळला, ‘देवो’ गळलं, उरली सकाळ. म्हणून असे संवाद तपासताना मी प्रत्येक अभिवादनात दोन गोष्टी आधी बघतो: गळालेलं क्रियापद कोणतं, आणि कोण कोणाला म्हणतंय. एवढं कळलं की स्वल्पविराम कुठे, ‘एस’ लागतो की नाही, दी म्हणायचं की यू, हे प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतात.

आधी काळाचा घोळ मिटवू. शेक्सपियर १६१६ मध्ये वारला, आणि त्याची भाषा ‘ओल्ड इंग्लिश’ नाही. ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतची अँग्लो-सॅक्सन भाषा. ती आजच्या इंग्रज प्रेक्षकालाही भाषांतराशिवाय कळत नाही. त्या भाषेतलं अभिवादन ‘वेस हाल’. वेस म्हणजे ‘हो’ किंवा ‘रहा’, हाल म्हणजे धडधाकट. (मराठी कानाला हाल म्हणजे नेमकं उलट, त्याला इलाज नाही.) त्या काळच्या महाकाव्याचा नायक बेओवुल्फ राजा ह्रोथगारच्या दरबारात शिरतो तेव्हा पहिलं वाक्य हेच म्हणतो: ‘वॅस थू, ह्रोथगार, हाल’. अनेकांना म्हणायचं तर क्रियापद आणि विशेषण दोन्ही बदलतात, ‘वेसाथ हाले’. हेल्थ, होल आणि हेल (धडधाकट) ही इंग्रजीतली आजची मंडळी याच हालच्या नात्यातली.

हे अभिवादन पुढे पेल्याशी जोडलं गेलं. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ या बखरकाराने एक प्रसंग लिहिलाय: सॅक्सन सरदाराची मुलगी राजा व्होर्टिगर्नपुढे मद्याचा पेला धरून ‘वॅसेल’ म्हणते आणि राजाला ‘ड्रिंकहेल’ असं उत्तर द्यायला शिकवलं जातं. आजही इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या कार्हॅम्प्टन गावात १७ जानेवारीला सफरचंदाच्या झाडांना सायडर पाजून वॅसेल करतात. तुमच्या प्रवेशात नाताळचा पेला उंचावण्याचा प्रसंग असेल तर ‘वॅसेल’ चालेल. रस्त्यात भेटलेल्या माणसाला मात्र कोणी वॅसेल म्हणत नव्हतं.

आता लंडन. १६०० च्या आसपासच्या अभिवादनांत घड्याळ लपलेलं आहे आणि नवखे लेखक इथेच अडखळतात. ‘गुड मॉरो’ सकाळी, दुपारी बारापर्यंत. बारानंतर लगेच ‘गुड ईव्हन’ सुरू होतं, ते संध्याकाळपर्यंत. त्याचं झिजलेलं रूप ‘गुड ईन’, आणखी झिजून ‘गुड डेन’. म्हणजे ‘गुड आफ्टरनून’साठी वेगळा शब्द शोधायचं कारणच नाही, दुपारी दोनलाही ‘गुड डेन’च म्हणा. ‘गुड नाइट’ आजच्यासारखंच, रात्री निरोप घेताना.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ उघडून बघा, सगळं तिथे स्वच्छ दिसतं. पहिल्याच प्रवेशात चुलतभाऊ बेनव्होलिओ रोमिओला ‘गुड मॉरो, कझिन’ म्हणतो. विरहाने वेळेचं भान सुटलेला रोमिओ विचारतो, अजून सकाळच आहे का? उत्तर येतं, आत्ताच नऊ वाजले. पुढच्या प्रवेशात एक अडाणी नोकर त्याच रोमिओला ‘गॉड गि’ गुड-डेन’ म्हणतो, म्हणजे दुपार झाली. दुसऱ्या अंकात तर यावरच विनोद आहे. ज्युलिएटची दाई ‘गॉड यी गुड मॉरो, जंटलमेन’ म्हणते, रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तिला ‘गॉड यी गुड डेन’ म्हणून सुधारतो, आणि बारा वाजल्याचं अशा अचकट भाषेत सांगतो की तो संवाद स्नेहसंमेलनात उतरवू नका. दाईच्या त्या वाक्यात ‘गिव्ह’ नाही हेही लक्षात घ्या. ‘गॉड यी गुड मॉरो’ म्हणजे देव, तुम्हाला, चांगली सकाळ. क्रियापद लोक मनातच धरत.

तुमच्या ‘-एथ’च्या प्रश्नाचं उत्तर याच गळालेल्या क्रियापदात आहे. ‘गॉड गिव्ह यू’ इथे ‘गिव्ह’ला काहीही लागत नाही, कारण ही इच्छा आहे, विधान नाही. आपल्याकडे ‘देव देतो’ आणि ‘देव देवो’ यांत जो फरक आहे तोच. ‘गॉड गिव्हेथ दी गुड मॉरो’ लिहिलंत तर अर्थ होतो ‘देव तुला चांगली सकाळ देतो’, आणि पात्र अभिवादन करायचं सोडून प्रवचन देतंय असं वाटतं. ‘-एथ’ लागतो तो फक्त तृतीयपुरुषी एकवचनी विधानाला: ही कमेथ, इट रेनेथ. ‘आय’ला नाही, ‘दाऊ’लाही नाही. ‘दाऊ’ची स्वतःची रूपं वेगळी आहेत: दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट, दाऊ विल्ट. ‘दाऊ आर’ आणि ‘आय लव्हेथ दी’ ही हौशी नाटकांत हमखास सापडणारी दोन वाक्यं आहेत, ती आधी खोडा. शेक्सपियरच्या काळापर्यंत बोलण्यात ‘कम्स, गिव्हज’ रुळलेलंच होतं, ‘हॅथ’ आणि ‘डथ’ तेवढे जास्त टिकून होते. ‘हॅथ’ दोन-तीन ठिकाणी ठेवा, बाकी ‘-एथ’ काढलात तरी चालेल.

दाऊ की यू, हे पात्रांच्या नात्यावर ठरतं, आणि इथे मराठी लेखकाला इंग्रज लेखकापेक्षा सोपं जावं. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही, एवढं धरून चाललात तर बहुतेक ठिकाणी बरोबर येईल. मालक नोकराला दाऊ, नोकर मालकाला यू. प्रियकर-प्रेयसी एकमेकांना दाऊ, देवालाही दाऊ. अनोळखी किंवा वरच्या माणसाला दाऊ म्हटलं तर सरळ अपमान. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये द्वंद्वाचं आव्हानपत्र लिहिणाऱ्याला सर टोबी सल्लाच देतो, की प्रतिस्पर्ध्याला तीनेकदा दाऊ म्हण, बिघडत नाही. म्हणजे अंगावर जाण्याची ती एक रीत होती. याच कारणाने सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सगळ्यांनाच सरसकट दाऊ-दी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मोठा गहजब झाला. त्यांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स तर कुणाला गुड मॉरो म्हणायलाही तयार नव्हता.

मराठीशी एक फरक मात्र सांभाळा: शेक्सपियरची पात्रं एकाच संभाषणात भावना बदलली की यूवरून दाऊवर येतात आणि परतही जातात. राग आला, लाड आले, की सर्वनाम बदलतं. ते मुद्दाम वापरा, चुकून होऊ देऊ नका. रूपं अशी: कर्ता दाऊ, कर्म दी. ‘गुड मॉरो टू दी’ बरोबर, ‘गुड मॉरो टू दाऊ’ चूक. ‘यी’ मूळचं अनेकवचनी कर्ता आणि ‘यू’ त्याचं कर्म. १६११ च्या किंग जेम्स बायबलने हा भेद पाळलाय, रंगभूमीवर तो तोवर सैल झाला होता, त्यामुळे त्यात फार अडकू नका. ‘यी ओल्ड शॉप’ छापाच्या पाट्यांमधला ‘यी’ मात्र हा नव्हेच. तो ‘द’ आहे, ‘थ’च्या जुन्या अक्षराच्या जागी ‘वाय’ छापल्यामुळे तसा दिसतो. पडद्यावर पाटी रंगवणार असाल तर नटांनी ती ‘द’ अशीच वाचावी.

भेटल्यावर आणखी काय म्हणता येईल? ‘वेल मेट’ (बरं झालं भेटलात) बरोबरीच्या माणसाला. ‘हाउ नाउ’ (काय रे, काय चाललंय) मालक नोकराला किंवा मित्र मित्राला, पाठोपाठ ‘व्हॉट न्यूज?’ आलं की शोभतं. ‘हेल’ (जय असो) राजा-सरदारांसाठी. मॅक्बेथला चेटकिणी ‘ऑल हेल’ म्हणतात, भाजीवाली गिऱ्हाइकाला तसं म्हणणार नाही. ‘गॉड सेव्ह यू, सर’ हे सगळ्यांत कामाचं, कुठल्याही वेळी चालतं, आणि त्याचंच आखूड ‘सेव्ह यू’. याला एक कायदेशीर शेपूटही आहे. मे १६०६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की नाटकात देवाचं नाव थट्टेत किंवा अनादराने घेतलं तर दर वेळेस १० पौंड दंड. त्यानंतरच्या छापील नाटकांत बऱ्याच ठिकाणी गॉड कापलेला किंवा त्याच्या जागी ‘हेवन’ घातलेला दिसतो. तुमची कथा १६०६ नंतरची आणि पात्रं नटमंडळी असतील तर एखादा नट ‘गॉड’ म्हणता म्हणता जीभ चावतो, असा छान प्रसंग करता येईल.

तब्येत विचारायची तर ‘हाउ डू यू?’ किंवा ‘हाउ डस्ट दाऊ?’. यात ‘डू’ म्हणजे करणं नव्हे, चाललंय कसं एवढंच. ऑफेलिया हॅम्लेटला ‘हाउ डझ युअर ऑनर’ असं तृतीयपुरुषात विचारते, आपल्याकडे ‘सरकारांची तब्येत कशी आहे’ म्हणतात तसंच. पुढचं ‘हाउ डू यू डू’ आणि अमेरिकेतलं ‘हाउडी’ याच प्रश्नातून निघाले.

‘हॅलो’ मात्र पहिल्या प्रवेशात अजिबात नको. हा शब्द या रूपात एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी ‘हॉला’, ‘हॅलू’ अशा लांबून हाका होत्या, त्या अभिवादन म्हणून नव्हे. टेलिफोन आल्यावर अलेक्झांडर ग्रॅहम बेलला संभाषण ‘अहॉय’ने सुरू व्हावं असं वाटे. एडिसनने १८७७ मधल्या एका पत्रात ‘हॅलो’ सुचवलं आणि तेच जगभर गेलं, आपल्या घरातल्या फोनपर्यंत.

निरोपाकडे येऊ. ‘गुडबाय’ म्हणजे ‘गॉड बी विथ यी’, देव तुमच्याबरोबर असो. १५७० च्या दशकात गेब्रिअल हार्वी या इंग्रज लेखकाच्या पत्रात ते एका शब्दासारखं, तेही अनेकवचनात आलेलं आहे. पुढे गुड डे, गुड नाइट यांच्या सहवासाने ‘गॉड’चं ‘गुड’ झालं. शेक्सपियरच्या जुन्या छापील प्रतींत ते ‘गॉड बाय यू’ असं दिसतं, आणि तुमच्या नटांनी तसंच म्हणावं. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये जेकस ऑर्लँडोला ‘गॉड बाय यू’ म्हणून पुढे म्हणतो, आपण शक्य तितकं कमी भेटू या. शिष्टाचारात गुंडाळलेलं भांडण कसं लिहायचं याचा तो उत्तम नमुना आहे.

‘फेअरवेल’मधलं फेअर म्हणजे प्रवास करणं, निभावणं. बसच्या भाड्याला फेअर म्हणतात तो हाच. एकाला ‘फेअर दी वेल’, मोठ्या माणसाला किंवा अनेकांना ‘फेअर यू वेल’. ‘बेस्ट ऑफ लक’च्या जागी ‘गॉड स्पीड यू’ घ्या. इथे स्पीड म्हणजे वेग नव्हे, यश. ‘लवकर जा’ अशा अर्थाने वापरलंत तर चूक. कामाला किंवा मोहिमेवर निघालेल्या माणसालाच ते म्हणतात. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन अंतराळात निघाला तेव्हा सहकारी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटरने ‘गॉडस्पीड, जॉन ग्लेन’ म्हटलं, ते याच अर्थाने.

आणि ‘रेस्ट यू मेरी’. वर सांगितलेला अडाणी नोकर रोमिओचा निरोप घेताना हेच म्हणतो. रेस्ट म्हणजे इथे विश्रांती नव्हे, ‘ठेवो’. देव तुम्हाला आनंदात ठेवो. नाताळच्या प्रसिद्ध गाण्यात (कॅरलमध्ये) म्हणूनच स्वल्पविराम ‘मेरी’नंतर येतो, ‘गॉड रेस्ट यू मेरी, जंटलमेन’. तो ‘यू’नंतर टाकला की आनंदी गृहस्थांनो, देव तुम्हाला विश्रांती देवो, असा भलताच अर्थ निघतो. बऱ्याच जणांना तो तसाच माहीत असतो, त्यामुळे तालमीत नटाला थांबायची जागा दाखवून द्या. ‘मेरी ख्रिसमस’ही बिनधास्त वापरा: बिशप जॉन फिशरने २२ डिसेंबर १५३४ ला राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रात देव तुम्हाला ‘मेरी ख्रिसमस’ पाठवो अशी इच्छा आहे. तिथेही वाक्य पूर्ण आहे, ‘पाठवो’ शाबूत आहे. १८४३ मध्ये हेन्री कोलने पहिलं व्यापारी नाताळकार्ड काढलं तोवर नुसतं ‘अ मेरी ख्रिसमस अँड अ हॅपी न्यू इयर टू यू’ उरलं होतं.

पत्र वाचून दाखवायचा प्रसंग असेल तर त्याचा साचा आपल्याला परका नाही. फेब्रुवारी १४७७ मध्ये नॉरफकच्या मार्जरी ब्रूजने भावी नवऱ्याला, जॉन पॅस्टनला, पत्र लिहिलं. सुरुवातीला मानाची विशेषणं, मग ‘तुमचं कुशल ऐकायची इच्छा’, मग ‘माझं कुशल ऐकायचं असेल तर’. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ आठवा. अशा ठिकाणी बाकीचे लोक ‘मी ठीक आहे’ लिहीत, मार्जरीने लिहिलं की शरीरानेही ठीक नाही आणि मनानेही नाही, तुमचं पत्र येईपर्यंत नसेन. साचा पाळून तो नेमक्या जागी मोडायचा, ही युक्ती तुमच्या नायिकेलाही देता येईल.

दुसऱ्या प्रवेशात काळ चारशे वर्षांनी पुढे जातो, पण चूक तीच राहते. ‘मे गॉड ब्लेसेस यू’, ‘मे हिज सोल रेस्ट्स इन पीस’ असं आपल्याकडे रोज लिहिलं जातं. इच्छा आहे, म्हणून ‘ब्लेस’ आणि ‘रेस्ट’, ‘एस’ नाही. १६०० मध्ये ‘-एथ’ नको होता, आज ‘एस’ नको, कारण एकच.

‘विश’चाही असाच गोंधळ. विशपुढे नाम असेल तर शुभेच्छा: ‘आय विश यू सक्सेस’, ‘वी विश यू अ हॅपी दिवाळी’. त्यातला ‘अ’ गाळू नका, तो सुट्या ‘हॅपी दिवाळी’लाच लागत नाही. विशपुढे वाक्य आलं की ते बहुधा खरं नसलेल्या गोष्टीबद्दल होतं. ‘आय विश यू वेअर वेल’ म्हणजे तू बरा असतास तर! आजारी मित्राला ‘आय होप यू गेट वेल सून’ म्हणा. ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’मध्ये परत येतो तो दिवस, म्हणून वाढदिवसाला आणि लग्नाच्या वाढदिवसाला ठीक. लग्नाच्या दिवशीच म्हटलं तर हा दिवस पुन्हा पुन्हा येवो असं होतं, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या तोंडी घातलंत तर हशा नक्की. अभिनंदन ‘कॉंग्रॅच्युलेशन्स ऑन’, ‘फॉर’ टाळा.

भारतीय वळणाचं सगळंच चूक समजू नका. ‘हॅपी जर्नी’ लंडनमध्ये कोणी म्हणत नाही, तिथे ‘हॅव अ गुड ट्रिप’ किंवा ‘सेफ जर्नी’. पण तुमचं पात्र पुण्यातलं असेल तर त्याने ‘हॅपी जर्नी’च म्हणावं. ब्रिटिश साहेबाचं ‘यू ऑल राइट?’ हे निव्वळ अभिवादन असतं, ‘येस, यू?’ एवढं पुरतं. आपला माणूस ते चौकशी समजून ॲसिडिटीचा इतिहास सांगू लागतो, इथेही तुम्हाला एक प्रसंग फुकट मिळतो. मेलची ब्रिटिश जोडी अशी: ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नाव लिहिलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअर्ली’. ‘डिअर मिस्टर’पुढे आडनाव येतं, पहिलं नाव नाही. तरी पुण्यातल्या ट्रेनीने लंडनच्या मॅनेजरला ‘रिस्पेक्टेड सर, आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ असं लिहिणं अगदी खरं वाटेल, ते सुधारू नका. खाली ‘युअर्स ओबिडियंटली’ही राहू द्या. तिकडून उत्तर ‘हाय प्रिया, शुअर. चिअर्स, टॉम’ एवढंच येऊ द्या, आणि ते मोठ्याने वाचून झाल्यावर प्रियाला क्षणभर गप्प राहायला सांगा.